गंगथडीचे शंख-शिंपले

शेवगावापासून समुद्र हवाई अंतराने मोजला तरी अडीचशे किलोमीटर दूर आहे. मध्ये सह्याद्री आडवा पडलेला. तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी त्यांच्या घरात समुद्रातले जीव पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत. देव्हाऱ्यात शंख असतो. विष्णूची उपासना असलेल्या घरात शाळिग्राम असतो. नवरात्रात पाथर्डी तालुक्यातल्या मोहट्याच्या गडाकडे निघालेल्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. शंख, शाळिग्राम आणि कवडी या तिन्ही वस्तू एकाच प्राणिकुळातल्या आहेत. शास्त्रात त्या कुळाला मृदुकाय म्हणतात: अंग मऊ, आत हाड नाही, आणि बहुतेकांच्या अंगावर चुन्याचं कवच. जगभरात आजवर वर्णन झालेल्या जिवंत मृदुकाय जाती सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जातात. कीटक, कोळी, खेकडे यांचा संधिपाद संघ सोडला तर प्राण्यांचा एवढा मोठा संघ दुसरा नाही.

शंखशिंपल्यांवर लिहायचं म्हटलं की लेखणी आपसूक कोकणाकडे वळते. दिवेआगर, गणपतीपुळे, मालवण, गोवा. पण या कुळाची आपल्या पायाखालची शाखा कुणी बघतच नाही. गोदावरीचा काठ म्हणजे आमची गंगथडी, जायकवाडी धरणाच्या नाथसागराचा फुगवटा, ढोरा नदीची डबकी, मुळा धरणाच्या पाटाच्या चाऱ्या, एवढंच कशाला, पावसाळ्यात तुंबलेलं रस्त्याकडेचं पाणी. या सगळ्यात शंख आणि शिंपले राहतात. त्यांची नावं शाळेत कुणी शिकवत नाही. म्हणून हा लेख शेवगावातून.

आधी शंख घडतो कसा ते पाहू, कारण सगळ्या आकारांचं मूळ तिथे आहे. शंख म्हणजे गोगलगायीचं घर, असं आपण मुलांना सांगतो. पण घर बांधून झाल्यावर माणूस आत राहायला जातो, आणि इथे राहणारा अंड्यातून बाहेर पडतो तोच इवलासा शंख पाठीवर घेऊन. तो मूळ शंख मोठ्या शंखाच्या टोकाशी आयुष्यभर तसाच राहतो. प्राण्याच्या अंगावर प्रावार नावाचं मऊ आवरण असतं. त्याच्या कडेतून एक सेंद्रिय स्राव पाझरतो आणि पाण्यातून, खाण्यातून मिळालेलं कॅल्शियम त्यात कार्बोनेट होऊन बसतं. वाढ होते ती फक्त तोंडाच्या कडेला. मागचं बांधकाम पाडून पुन्हा करता येत नाही. म्हणजे शंखाच्या टोकापासून तोंडापर्यंत बोट फिरवलं की त्या प्राण्याचं सगळं आयुष्य क्रमाने बोटाखालून जातं. उपासमारीचा काळ असेल तिथे वाढीची रेघ दाट होते. खेकड्याने कड फोडली असेल तर तिथे सांधल्याचा व्रण दिसतो.

आणि एवढे वेगवेगळे आकार? १९६६ साली डेव्हिड रॉप या अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञाने संगणकावर दाखवून दिलं की मोजक्या चार गोष्टी बदलत गेलं की गुंडाळलेल्या कवचांचे जवळजवळ सगळे प्रकार काढता येतात. प्रत्येक वेढ्यागणिक तोंड किती पट रुंदावतं, वेढा अक्षापासून किती लांब राहतो, तो अक्षावरून किती खाली सरकतो आणि तोंडाचा आकार कसा आहे, या त्या चार गोष्टी. रुंदावणं कमी आणि सरकणं जास्त असलं की लांबट, टोकदार मनोरा होतो. सरकणं शून्य असलं की सपाट चक्र. रुंदावणं प्रचंड असलं की वेढा पुरा होण्याआधीच तोंड एवढं मोठं होतं की शिंपला तयार होतो. अंगणातली गोगलगाय, समुद्रातला शंख आणि नदीतला शिंपला या तिघांना एकाच हिशेबात बसवणारी ही मांडणी मला विज्ञानातल्या अतिशय देखण्या मांडण्यांपैकी एक वाटते.

आता देव्हाऱ्यातला शंख. पूजेचा पांढराशुभ्र, जड शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. तो मुख्यतः तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात आणि गुजरातेत कच्छच्या आखाताकडे मिळतो. शिखर वर आणि तोंड आपल्याकडे असा धरला तर त्याचं तोंड उजव्या हाताला येतं. बहुतेक सगळे शंख असेच उजवे असतात. लाखात एखादा डावीकडे वळलेला निघतो, आणि तोच आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून पूजनीय. यात विरोध नाही. अभ्यासक शिखर वर धरून बघतात, पूजेत शिखर खाली असतं, त्यामुळे एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा.

वळण डावं की उजवं हे ठरतं कुठे, याचा शोध अगदी अलीकडचा आहे. लिम्निया या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीवर काम करून जपानी संशोधक रेइको कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की एक जनुक निकामी केलं तर उजव्या वळणाच्या आईला डाव्या वळणाची पिल्लं होतात. पिल्लाचं स्वतःचं जनुक काय सांगतं याला इथे महत्त्व नाही. आईने अंड्यात काय भरून दिलं त्यावर वळण ठरतं, आणि ते अंडं पहिल्यांदा विभागतं तेव्हाच ठरून जातं. लिम्नियाचे भाऊबंद आपल्या चाऱ्यांमध्ये ढिगाने आहेत.

दक्षिणावर्ती शंखाच्या नावाने बाजारात मोठी फसवणूक चालते, ती इथे सांगायलाच हवी. अमेरिकेच्या किनाऱ्यावर लाइटनिंग व्हेल्क नावाची एक जात आहे, तिचे सगळेच शंख डावे असतात. ते पांढरे घासून इकडे हजारो रुपयांना विकले जातात. ओळखायची खूण सोपी आहे. शंखाच्या तोंडातून आतल्या खांबावर बोट फिरवून बघा. खऱ्या टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठसठशीत आडव्या वळ्या लागतात. व्हेल्कमध्ये तशा वळ्या नसतात.

शंख सागरावरून गोदाकाठी कधी आला? याचं उत्तर शेजारच्या नेवाशात सापडतं. प्रवरेच्या काठी, नेवासे गावाजवळ १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. त्याचा जाडजूड अहवाल १९६० मध्ये निघाला. ताम्रपाषाण काळापासून सातवाहनांपर्यंत आणि पुढेही या जागी वस्ती होती, आणि सापडलेल्या वस्तूंत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत. शंखाची बांगडी ओतता येत नाही, ती कापावी लागते. शंखाचं पोट आडवं चिरायचं, आतला खांब फोडून काढायचा, मग कडा घासून गोल करायची. एका शंखातून मोजक्याच बांगड्या निघतात. या कामाची परंपरा हडप्पा काळापर्यंत मागे जाते. सौराष्ट्रात द्वारकेजवळ नागेश्वर इथे त्या काळातलं शंखकामाचं गावच उजेडात आलं आहे. नेवाशाच्या बाईच्या हातातली बांगडी तिच्यापर्यंत पोचायला समुद्रात बुडी मारणारा, कापणारा, वाहून आणणारा आणि विकणारा एवढी माणसं लागली. तिला समुद्र ठाऊक असो वा नसो, समुद्राचा तुकडा तिच्या मनगटावर होता.

कवडीचा प्रवास त्याहून लांबचा. हिंदी महासागरात मालदीव बेटांभोवती पिवळसर कवड्या विपुल. तिथून त्या शतकानुशतकं जहाजांतून भारतात आणि आफ्रिकेत गेल्या, आणि चलन म्हणून चालल्या. कवडीला शंखाचे वेढे दिसत नाहीत, कारण मोठी झाल्यावर ती तोंडाची कड आत वळवून घेते आणि शेवटचा वेढा बाकीच्या सगळ्यांना पोटात घेतो. तोंडाची चीर तेवढी दातेरी उरते. जिवंतपणी प्रावाराच्या दोन्ही बाजू वर येऊन कवचाला झाकून टाकतात, त्यावर चुन्याचे पातळ थर चढवत राहतात. कवडी इतकी तुळतुळीत असते ती त्यामुळे. तिला कुणी घासलेलं नसतं.

शाळिग्रामाची गोष्ट मात्र सगळ्यात जुनी. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे हे काळे गोटे म्हणजे अमोनाइट नावाच्या प्राण्यांचे जीवाश्म. माकूळ आणि नॉटिलस यांचे हे चुलत भाऊबंद. हिमालय व्हायच्या आधी तिथे जो समुद्र होता त्यात ते पोहत होते. दगड फुटला की आत चक्र दिसतं आणि त्या चक्राला आडवे पडदे दिसतात. प्राणी वाढेल तसा पुढच्या मोठ्या खोलीत सरकत जायचा आणि मागची खोली बंद करायचा. बंद खोल्यांतल्या वायूने त्याला तरंगता यायचं. अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, डायनोसॉरांच्या बरोबरच. आणि ज्या काळ्या दगडावर शेवगाव वसलं आहे, ज्यातून आपल्या विहिरी खणल्या जातात, तो दख्खनचा लाव्हा त्याच सुमारास पसरत होता. म्हणजे देव्हाऱ्यातला शाळिग्राम ज्या कुळातला, त्याचा अंत आणि देव्हाऱ्याखालच्या जमिनीचा जन्म एकाच काळातला.

लाव्हा एका दमात आला नाही. दोन लोंढ्यांमध्ये हजारो वर्षांची उसंत असायची. त्या उसंतीत खोलगट जागी तळी साचायची, झाडं यायची, तळ्यांत गोगलगायी राहायच्या. पुढचा लोंढा आला की तळं झाकलं जायचं. अशा तळ्यांचे थर आपल्याकडे क्वचितच दिसतात. ते बघायला विदर्भ किंवा मध्य प्रदेश गाठावा लागतो. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने त्यातले शंख गोळा केले आणि १८६० मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज याच्याच नावाचं. १८६३ मध्ये शिलावर्तुळं बघून परतताना टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरात तो बुडून मेला. त्या थरांतला सगळ्यात परिचित शंख फायसा प्रिन्सेपाय या नावाने ओळखला गेला. ठसठशीत, फुगीर, आणि डाव्या वळणाचा. आपल्या दगडाएवढाच जुना असा हा गोड्या पाण्यातला शंख प्रत्येक मराठी मुलाने एकदा तरी हातात धरावा असं मला वाटतं.

तिथून आपल्या तालुक्यात यायला मुंगी गाव आहे. पैठणजवळ, गोदेच्या उजव्या तीरावर. १८६०च्या दशकात भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे ए. बी. विन इथे नदीच्या जुन्या गाळथरांची पाहणी करत होते. प्राचीन प्राण्यांची हाडं असलेल्या त्या थरात त्यांना अकीकाचं एक छिलका-हत्यार मिळालं. टी. ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये त्याच्यावर टिपण लिहिलं. भारतातल्या अश्मयुगाच्या अगदी पहिल्या पुराव्यांपैकी हा एक, आणि तो शेवगाव तालुक्यातला. गोदा-प्रवरेच्या अशा जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत शिंपलेही सापडतात. त्यांच्या चुन्यातला कार्बन मोजून थराचं वय काढता येतं. पाणी वाहतं होतं की साचलेलं, हे कुठली जात सापडली त्यावरून सांगता येतं. मुंगीचं नाव गावाबाहेर फार कुणी घेत नाही, याची मला खंत आहे.

आता जिवंत शंखशिंपल्यांकडे. एप्रिल-मे महिन्यात ताजनापूरच्या बाजूने नाथसागराकडे गेलात तर पाणी लांब मागे सरकलेलं दिसेल. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. पैठण, गंगापूर, नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात जे उघडं पडतं त्यात गाळपेर होते. त्या गाळात, भेगाळायला लागलेल्या कडेला, शिंपले पडलेले असतात. ओल्या गाळावर नीट बघितलं तर बोटभर रुंदीची एक वळणदार चर दिसते आणि चर संपते तिथे गाळात रुतलेला शिंपला असतो. पाणी ओसरताना तो पायाने स्वतःला ओढत पाण्याच्या दिशेने निघालेला असतो. शिंपल्याचा पाय म्हणजे एक मांसल जीभच. काही पोचतात, बरेच मध्येच सुकतात.

त्यातला रिकामा एक उचलून बघा. लांबट, अंड्याच्या आकाराचा, तळहाताएवढा. बाहेरून हिरवट-काळा, कडेला फिकट. हा लॅमेलिडेन्स, गोदावरी खोऱ्यातला सगळ्यात ओळखीचा शिंपला. वरच्या बाजूला एक उंचवटा असतो आणि तिथली साल झिजून पांढरं दिसत असतं. वाढ तिथून सुरू झाली. तिथपासून कडेपर्यंत एकात एक कमानी गेलेल्या दिसतात, आणि दोन ठळक कमानींच्या मध्ये एखाद्या पावसाळ्याची वाढ असते. उलटा करा. आत निळसर-गुलाबी झाक मारणारा मोतिया थर. दोन्ही टोकांजवळ दोन खडबडीत ठसे आहेत. शिंपला मिटून धरणारे स्नायू तिथे चिकटलेले होते. आणि सांध्यापाशी एक लांबट पातळ दात, जो समोरच्या शिंपल्यातल्या खाचेत बसतो. आमच्याकडे पूर्वी असाच शिंपला दगडावर घासून मधोमध भोक पाडायचे आणि त्याने कैरी सोलायचे. लहान शिंपलीने तान्ह्या बाळाला दूध पाजायचे. पोलादी सोलाणी आली आणि ही वापरातली वस्तू गेली.

दुसरी जात पॅरेसिया. लहान, गोलसर, जाड. उंचवट्याशी नागमोडी सुरकुत्या. हिला वाळू आणि बारीक गोटे लागतात, वाहतं पाणी लागतं. वाळूत अर्धी गाडून घेऊन ती दोन नळ्यांतून पाणी आत-बाहेर करते. शिंपले दिवसभर हेच करतात. एकेक शिंपला रोज कित्येक लिटर पाणी गाळतो, त्यातलं शेवाळ आणि जिवाणू खातो आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. या फुकटच्या सेवेची कुठल्याही पाणीपुरवठा योजनेत नोंद नाही.

त्यांच्या पोरांची तऱ्हा आणखी वेगळी. या शिंपल्यांची अंडी आईच्या कल्ल्यांत वाढतात, मग ग्लोकिडियम नावाची सूक्ष्म पिल्लं पाण्यात सुटतात. त्या पिल्लाने थोड्या वेळात एखादा मासा गाठला पाहिजे. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला ते घट्ट चिकटतं, काही दिवस-आठवडे तिथे राहतं, रूप बदलतं आणि मग सुटून तळाशी पडतं. शिंपल्याला पोहता येत नाही, म्हणून नदीच्या वरच्या अंगाला जायचं ते माशाच्या अंगावर बसून. नदीतले मासे बदलले, बंधाऱ्यांनी त्यांची ये-जा थांबली, की शिंपल्यांची पुढची पिढी अडकते. जुने शिंपले वर्षानुवर्षं जगत राहतात, म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. पिल्लं दिसत नाहीत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

शिंपल्यांच्या मधूनमधून गोगलगायी. सगळ्यात जास्त दिसतो तो बेलामिया: आवळ्याएवढा, हिरवट-तपकिरी, अंगावर बारीक काळ्या रेघा. तोंडाला शिंगासारखं टणक झाकण असतं, धोका वाटला की झाकण लावून घेतो. हा अंडी घालत नाही, तयार पिल्लं देतो. आणखी बारीक, बोटाच्या पेराएवढा टोकदार मनोरा दिसला तर तो मेलॅनॉइड्स ट्युबरक्युलाटा. या जातीचं पहिलं वर्णन डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्यूलर याने १७७४ मध्ये आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून केलं. यात बहुतेक माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं होतात. एकटा जीव नव्या पाण्यात पडला तरी वस्ती होते. मत्स्यालयांच्या व्यापारातून तो आज अमेरिकेच्या नद्यांतही पोचला आहे.

पाटाच्या चारीत, कमळाच्या डबक्यात सपाट गुंडाळलेला दिसतो तो इंडोप्लॅनॉर्बिस. त्याला शिखर नाही, दोन्ही बाजूंनी वेढे दिसतात, दिवाळीच्या ताटातल्या चकलीसारखा. याचं रक्त आपल्यासारखं लाल, कारण त्यात हिमोग्लोबिन आहे. बहुतेक मृदुकायांचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं. त्याच पाण्यात लिम्निया असतो, पातळ, पारदर्शक, रुंद तोंडाचा. हे दोघे फुप्फुसाने श्वास घेतात, म्हणून अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा भरून घेताना दिसतात. मेंढपाळांनी आणि गाईगुरं राखणाऱ्यांनी या दोघांची ओळख ठेवायला हवी. जनावरांच्या यकृतात होणाऱ्या पर्णकृमीच्या आयुष्यातला एक टप्पा लिम्नियाच्या अंगात पार पडतो. नाकातल्या गाठींमुळे गुरं घोरायला लागतात त्या रोगाचा कृमी इंडोप्लॅनॉर्बिसमधून येतो. जिथे या गोगलगायी दाट आहेत अशा साचलेल्या डबक्यावर जनावर पाजू नये, आणि कृमिनाशक देताना पशुवैद्यकाला कळपाचं पाणी कुठलं ते सांगावं.

नाथसागराला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. रोहित बघायला लोक लांबून येतात. त्यांनी मुग्धबलाकाकडेही बघावं. हा करड्या-पांढऱ्या रंगाचा करकोचा, विदर्भात याला घोंगल्या फोडा म्हणतात. त्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. गोगलगाय पाण्याखाली धरून, चोचीचं खालचं टोक झाकणाच्या आत सारून तो तिचा स्नायू तोडतो आणि मांस काढून घेतो. शंख बहुधा अखंड उरतो. एवढा मोठा पक्षी आणि त्याच्या चोचीची घडणच शंखांच्या हिशेबाने झालेली.

धरणाने या सगळ्याची मांडणी बदलली. साचलेल्या पाण्यातल्या बेलामिया-लिम्नियाला ते मानवलं. पॅरेसियासारख्या वाहत्या पाण्याच्या, वाळूच्या जातींची जागा आक्रसली. त्यावर वाळूउपसा. गोदावरीत रात्री यंत्रं उतरतात तेव्हा ट्रकमध्ये नुसती वाळू भरली जात नाही, वाळूत राहणारा प्रत्येक शिंपलाही भरला जातो. आपण वाळूचोरीबद्दल बोलतो ते महसुलाच्या भाषेत, किंवा विहिरींचं पाणी आटलं म्हणून. नदीच्या तळाची वस्तीच उचलून नेली जाते, हे म्हणायला कुणी नाही. माझ्या मते ही त्यातली सगळ्यात न भरून येणारी हानी आहे, कारण पाणी एका पावसाळ्यात परत येतं, शिंपल्यांची वस्ती येत नाही.

एक गोगलगाय मात्र न बोलावता आली आणि शेतकऱ्याच्या मुळावर उठली. शंखी गोगलगाय, म्हणजे आफ्रिकेतली अचाटिना. १८४७ मध्ये डब्ल्यू. एच. बेन्सन या शंखप्रेमी इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून कलकत्त्याला आणलेल्या जिवंत नमुन्यांपासून तिचा भारतातला प्रवास सुरू झाला. २०२२च्या खरिपात बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने सोयाबीनची रोपं उगवताच फस्त केली, कित्येकांना दुबार-तिबार पेरणी करावी लागली. बीड आपल्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे गाफील राहून चालणार नाही. ही नर-मादी एकाच अंगात असणारी. एका वेळी शेकडो अंडी जमिनीत घालते, उन्हाळाभर तोंडावर पापुद्रा ओढून जमिनीत पडून राहते आणि पहिल्या पावसाला उठते. उपाय कष्टाचे पण साधे आहेत. बांधावरचं गवत-पालापाचोळा काढायचा, संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात अंथरायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या, बांधाकडेने चुन्याचा पट्टा मारायचा. दाणेदार विष टाकायचं तर दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारून, कोंबड्या-कुत्र्यांपासून जपून. आणि नदीतल्या बेलामियाला या गुन्ह्यात ओढू नये. तो शेतात येत नाही.

कोकणात सहलीला गेल्यावर आपण शंखशिंपले विकत घेतो, त्याबद्दल थोडं. स्टॉलवर जे नॉटिलस, मोठे शिंगाडे शंख, तुतारीसारखे ट्रायटन दिसतात ते कोकणच्या वाळूत वाहून आलेले नसतात. नॉटिलस, ट्रायटन, शिरस्त्राणासारखा कॅसिस आणि राक्षसी शिंपला ट्रिडॅक्ना यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले पारदर्शक शिंपले ज्या प्लॅक्युनाचे, तीही संरक्षित यादीत आहे. शोभेचे शंख जिवंत पकडून, उकळून, आतला जीव काढूनच चकचकीत राहतात. किनाऱ्यावर आपणहून पडलेला, झिजलेला एखादा खुबा घ्यावा आणि बाकीचे स्टॉलवरच ठेवावेत.

भारतातल्या गोड्या पाण्याच्या शंखशिंपल्यांवर एन. व्ही. सुब्बा राव यांचं मार्गदर्शक पुस्तक भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने १९८९ मध्ये काढलं. या जातींचा आकडा दोनशेच्या वर जातो. मराठीत मात्र शाळकरी मुलाने हातात धरून शिंपला ओळखावा असं साधं पुस्तक मला बाजारात दिसलेलं नाही. ते होईल तेव्हा होईल, काम त्याआधी सुरू करता येतं.

शेवगाव, नेवासे, पैठण भागातल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. येत्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन ओढ्यावर, चारीवर, शेततळ्याच्या काठाला जा. फक्त रिकामे शंख-शिंपले गोळा करा, जिवंत असलेले पाण्यात परत ठेवा. नाथसागराच्या अभयारण्याच्या हद्दीतून काहीच उचलून आणू नका, तिथे पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. प्रत्येक शिंपल्याबरोबर चिठ्ठी हवी: गाव, ओढ्याचं किंवा चारीचं नाव, तारीख, पाणी वाहतं की साचलेलं, तळ वाळूचा की गाळाचा. किती जिवंत दिसले, त्यात लहान पिल्लं होती का, हेही लिहा. दर वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात जा. ओळख पटवायला जवळच्या महाविद्यालयातला प्राणिशास्त्र विभाग आहे, आणि पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवलेला असा संग्रह एकेका शाळेत दहा वर्षं सांभाळला गेला, तर गंगथडीच्या पाण्याचं काय झालं हे सांगणारी ती तालुक्यातली पहिली नोंद असेल.